बेट निर्मनुष्य होतं

तुम्ही खोटं बोललात, साहेब. भर सभेत, पाठीमागे नकाशा टांगून, हातात छडी घेऊन खोटं बोललात.

"बेट निर्मनुष्य होतं," म्हणालात. छडीचं टोक त्या बेटाच्या पोटावर टेकवलंत आणि सांगितलंत, "इथे आम्ही धावपट्टी केली. ह्या एका पट्टीनं ब्रह्मदेशातलं पारडं फिरलं. इथून विमानं उठली, दक्षिणेकडे निघालेल्या फौजेला तांदूळ मिळाला, दारूगोळा मिळाला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर रंगून आपल्या हातात आलं. आणि सांगायला अभिमान वाटतो, बेट घेताना एकही माणूस दगावला नाही." टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. प्रश्न विचारायला उभा राहिलो तर आभार मानणारे गृहस्थ माईककडे धावले आणि तुमच्या गळ्यात हार पडला. म्हणून आता सभा सुटल्यावर, तुम्हाला इथे बाहेर गाठून विचारतो.

मला तुम्ही ओळखलं नाहीत. भिकाजी तारी, मालवणचा. त्या सकाळी पहिल्या बोटीवर तुमच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. बेटाचं नाव तुम्ही दहा वेळा घेतलंत, मी एकदाही घेणार नाही. ज्यांना ते नाव घ्यायचा हक्क होता, त्यांची गोष्ट सांगतो.

ती बोट तुम्हाला आठवत असेल. सपाट बुडाची, वर उघडी, आणि तोंडाची फळी किनाऱ्याला लागली की धाडकन खाली पडणारी. आम्ही तिला पेटारा म्हणायचो. पेटाऱ्याचं सुकाणू जानू मोंडकराच्या हातात. नेव्हीच्या कागदात त्याचा हुद्दा काही का असेना, आम्हां मालवणकडच्या पोरांचा तो तांडेल. घरी मचव्यावर जसा तांडेलाचा शब्द शेवटचा, तसाच तो पेटाऱ्यावरही. पन्नाशीला टेकलेला, समोरचे दोन दात पडलेला, आणि तोंडाचा फाटका.

हल्ल्याच्या आदल्या दुपारी तुम्ही एका माणसाला आमच्या बोटीवर आणून सोडलंत. लुंगी, फाटकी बनियन, मानेवर जाळ्याच्या दोरीनं पडलेला घट्टा. सोना मियां. त्या बेटावरचाच कोळी. भाताच्या सौद्यासाठी इकडच्या किनाऱ्याला आला होता आणि लढाईमुळे अडकला होता. बेटाभोवती चिखलाचे बांध होते. त्यांतून खोल पाण्याची एकच वाट, दर पावसाळ्यात बदलणारी. तुमच्या नकाशात ती नव्हती, सोना मियांच्या डोक्यात होती.

तांडेलानं त्याला भात वाढला, वर सुक्या बांगड्याचा तुकडा टाकला. सोना मियांनं तो हुंगला आणि हसला.

"हामरा इलिश खाओ एक बार," तो म्हणाला. "ये मछली नहीं, ये लकडी है."

"काय म्हणता रे हो?" तांडेलानं मला विचारलं. मी कलकत्त्याच्या आगबोटीवर चार वर्षं काढलेली, मला त्याची बोली कळायची.

"तुमचो बांगडो लाकूड आसा म्हणता."

"तेका सांग, तुझो इलिश म्हणजे नुसते काटे. बायको खावंक घालता की टोचूक?"

मी सांगितलं. सोना मियां इतका हसला की भाताचा घास ठसक्यानं बाहेर आला. मग त्यानं ताट खाली ठेवलं. "बीबी उधर है," तो म्हणाला. "जोहरा. और बेटी, नूरी. दो महीना हो गया."

तेवढ्यात तुम्ही आलात. तेव्हा तुम्ही तरणेबांड होतात, मिशी कोरलेली, पुण्याची मराठी. आम्हांला केवढा अभिमान तुमचा! इतक्या गोऱ्या साहेबांत आपला एक साहेब. तांडेल म्हणायचा, "आपलो सायेब आसा, आपलां आयकतलो."

तुम्ही सोना मियांला हिंदुस्थानीत म्हणालात, "उद्या पहाटे तू पहिल्या बोटीत उभा राहशील आणि वाट दाखवशील. मागच्या सगळ्या बोटी तुझ्यामागे येतील."

तो हात जोडून म्हणाला, "दिखायेगा साब. लेकिन हामरा गाँव पे गोला मत मारो. जापानी गाँव में नहीं. जापानी पहाड की तरफ गया. गाँव में सिर्फ हामरा लोग."

"नाही मारणार."

"सच?"

"सांगितलं ना, नाही मारणार. गाव सोडून डोंगरावर मारू."

सोना मियां हलेना. जोडलेले हात खाली घेईना. मग तांडेलानं तोंड घातलं. आजवर मला त्याचं ते वाक्य खुपतं, कारण ते त्यानं चांगल्या मनानं म्हटलं होतं.

"सायबा, तेका पाण्यावर शब्द द्या. मगे तो तुमच्यासाठी जीव टाकीत."

तुम्ही पुण्याचे, तुम्हाला ठाऊक नव्हतं. तांडेलानं समजावलं. आमच्याकडे मचव्यावर भांडण तुटेनासं झालं, किंवा कुणी कुणाला शब्द द्यायचा झाला, की समुद्राचं पाणी ओंजळीत घ्यायचं, शब्द बोलायचा, आणि पाणी पुन्हा समुद्रात सोडायचं. कागद नाही, साक्षीदार नाही. तसा दिलेला शब्द मोडलेला माणूस आमच्या किनाऱ्यावर कुणी पाहिलेला नाही. मी हे सोना मियांला सांगू लागलो तर तो मध्येच म्हणाला, "मालूम है, मालूम है," आणि त्यांच्याकडच्या दर्यावर्दींचा राखणदार पीर बदर, त्याचं नाव घेऊन त्यानं ओंजळ करून दाखवली. त्यांच्याकडेही तसंच. कुठलं मालवण आणि कुठलं त्याचं बेट!

तुम्ही हसलात. "आणा बादली," म्हणालात. घड्याळाला पाणी लागू नये म्हणून ते काढून माझ्या हातात दिलंत. ओंजळ भरलीत. "सोना मियां के गाँव पर एक भी गोला नहीं गिरेगा," असं स्वच्छ बोललात आणि पाणी कठड्यावरून सोडलंत. सोना मियांनं वाकून तुमच्या बुटांना हात लावला. तांडेलाचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "बघलंस? ह्येका म्हणतत आपलो माणूस."

संध्याकाळी सोना मियां अस्वस्थ झाला. त्याची छोटी होडी पेटाऱ्याच्या मागे बांधलेली होती. तो तांडेलाजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "मैं अंधेरे में जाता. बीबी-बेटी को जंगल में छोडता, गाँव को बोलता निकल जाओ. सुबह के पहले वापस. कसम से वापस."

तुमची सक्त ताकीद होती, कुणालाही बोट सोडू द्यायची नाही. बेटावर बातमी फुटली तर? पण तुम्ही त्याच्यावर पहारा ठेवला नव्हता. तुम्ही तांडेलाला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "बंदूकवाला उभा केला तर त्याचा विश्वास उडेल. तुझ्या शब्दावर थांबेल तो. तू सांभाळ." तांडेलाला केवढा मान वाटला त्याचा!

तांडेलानं सोना मियांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाव नको. सायबान पाणी घेतल्यान ना? मगे गावाक काय होवचा नाय. अंधारात गेलस तर उलट तुमचीच माणसां घाबारतली, धावाधाव करतली, जपान्यांका कळतलां. आसत थंय ऱ्हवांदेत."

मी ते सगळं सांगितलं. सोना मियां उठून होडीकडे गेला. मग स्वतःच्या हातानं त्यानं होडीच्या दोरीला आणखी एक गाठ मारली आणि आमच्याजवळ येऊन आडवा झाला.

पहाटे धुकं होतं. पेटाऱ्यात तीसेक शिपाई उकिडवे बसलेले. कुणी ओकत होता, कुणी मनात देवाचं नाव घेत होता. सुकाणूवर तांडेल, त्याच्या उजव्या हाताला सोना मियां, त्यांच्या मागे तुम्ही आणि मी. सोना मियां हात करायचा तसं तांडेल सुकाणू फिरवायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि गरजही नव्हती. डावीकडे चिखल, उजवीकडे चिखल, आणि मधून आम्ही सुतासारखे चाललो होतो. मागे बोटींची रांग.

धुकं विरळ झालं आणि गाव दिसलं. माडांची ओळ, खाली छपरं. दोन-तीन चुलींचा धूर. किनाऱ्यावर एक बाई पाण्यात उभी राहून भांडं घासत होती. एवढं जवळ.

"वो हामरा..." सोना मियांनं बोट दाखवलं.

तेवढ्यात मागे खोल पाण्यात उभ्या असलेल्या आमच्याच तोफांच्या जहाजांनी तोंड उघडलं.

पहिला गोळा माडांत पडला. दुसरा छपरांवर. नंतर मोजायला काही उरलं नाही. डोंगराकडे एकही गेला नाही साहेब, एकही नाही. सगळे गावावर, आणि तेही ओळीनं, नांगर धरल्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोना मियां ओरडत होता ते ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडंमिटं दिसत होतं. तांडेल वळून तुमच्यावर ओरडला, "सायबा! गाव आसा थंय! थांबवा! सायबा!"

तुम्ही त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालात, "पुढे बघ."

"तुम्ही पाणी घेतलास!"

"पुढे बघ, तांडेल!" आणि पिस्तुलावर हात ठेवलात.

सोना मियांच्या मनात असतं तर त्या घडीला त्यानं आम्हां सगळ्यांना चिखलात घातलं असतं. एक हात उलटा करायचा फक्त. सगळी रांग रुतली असती आणि डोंगरावर जपानी आहेत असंच आम्ही तेव्हा धरून होतो, ते असते तर त्यांनी आम्हांला बसल्याजागी टिपलं असतं. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. तुम्हीही बघत होतात, मला ठाऊक आहे, कारण पिस्तूल तुम्ही त्याच्याच दिशेनं धरलं होतं. त्यानं हात उलटा केला नाही. जोरजोरात पुढे केला. "जल्दी! जल्दी!" त्याला लवकर पोचायचं होतं. तुमच्या व्याख्यानात तुम्ही म्हणालात, स्थानिक वाटाड्यानं उत्तम सहकार्य केलं. हे ते सहकार्य.

फळी पडायच्या आत तो उडी मारून पळाला. समोरून एक गोळी आली नाही. जपानी डोंगर सोडून केव्हाच पलीकडच्या किनाऱ्यानं निघून गेले होते. शिपाई वाळूवर पालथे पडून राहिले आणि मग लाजून उभे राहिले.

तांडेलानं इंजीन बंद केलं, बोटीतली दोन फावडी उचलली, एक माझ्या हातात दिलं. "चल."

गाव उरलं नव्हतं. जळत्या झावळ्या, मडक्यांची खापरं, आणि मधेमधे माणसं. त्यांचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही पाहिलीत ती, त्यांच्यामधूनच बूट उचलत चालला होतात. पण फार नव्हती. एवढ्या छपरांच्या मानानं फार थोडी. सोना मियां एकेक तोंड उलटवून बघत होता. मग अचानक थांबला आणि गावाच्या मागल्या अंगाला धावला.

तिथे त्यांनी विमानांच्या भीतीनं एक लांब खंदक खणला होता. वर माडांचे ओंडके, ओंडक्यांवर माती. पहिला गोळा पडताच गाव त्यात शिरलं होतं. नंतरचा एक गोळा नेमका तोंडाशी फुटला होता. तोंड बुजलं होतं, पण मागचं छत शाबूत होतं.

सोना मियां मातीवर पालथा पडला. "जोहरा! नूरी!"

आतून आवाज आला. लाकडावर काहीतरी आपटल्याचा. टक, टक, टक.

"आसत!" तांडेल किंचाळला. "आसत रे आसत! मार फावडां!"

आम्ही खणू लागलो. सोना मियां हातांनीच. तांडेल रडत होता आणि शिव्या घालत होता, तुम्हाला, जहाजांना, स्वतःला. "भिक्या, हंयसून घे! हळू! ओंडको निसाटलो तर आत पडात!" माती भुसभुशीत होती. कमरेएवढं खणून झालं. सोना मियां हाक मारायचा तेव्हा आतला आवाज थांबायचा. हाक संपली की पुन्हा वाजायचा.

मागे घरघर ऐकू आली. मोठ्या बोटीतून बुलडोझर उतरला होता. त्याच्या पुढे चार माणसं खुंट्या ठोकत, दोरी ताणत येत होती. खुंट्यांना लाल रंग लावलेला होता, वाळलेला; त्या आधीच तयार करून आणल्या होत्या. दोरी किनाऱ्यापासून निघून गावाच्या मधून, आमच्या खड्ड्यावरून, मागच्या शेतापर्यंत सरळ गेली. मी तिच्याकडे पाहिलं आणि फावडं माझ्या हातात तसंच राहिलं. सबंध बेटावर सपाट, कोरडी, लांब जागा तेवढीच होती. गोळे ओळीनं का पडले ते मला तेव्हा कळलं. तुम्हाला गाव वाचवायचं नव्हतंच. तुम्हाला ती जागा साफ करून हवी होती.

तुम्ही आलात. "काय चाललंय?"

"माणसां आसत आत," तांडेल धापा टाकत म्हणाला. "जिती आसत. ह्या यंत्रान एक ओढ काढलात तर तोंड मोकळां होयत. पाव तास, सायबा."

"बोट सोडून कुणाच्या परवानगीनं आलास?"

"सायबा, आयका तरी. कान लावून आयका."

तुम्ही खड्ड्याजवळ आलात. मग टोपी काढलीत, गुडघे टेकलेत आणि जमिनीला कान लावलात. सोना मियांनं हाक मारली. थांबला. आम्ही सगळे श्वास धरून उभे. तुमचा चेहरा माझ्याकडे होता. डोळे उघडे होते.

तुम्ही उठलात. गुडघ्यावरची माती झटकलीत.

"काही नाही," म्हणालात. "ओंडके बसताहेत."

"सायबा!"

"ऐक, तांडेल. तिकडे फौज अर्ध्या शिध्यावर चालते आहे. ही पट्टी एक दिवस लांबली तर किती माणसं मरतील त्याचा हिशेब आहे तुझ्याकडे?" आणि मग आवाज उतरवून, जणू स्वतःशीच म्हणालात, "आणि बाहेर काढून ठेवू कुठे?"

बुलडोझरवरचा शिपाई पंजाबी होता. त्याला काय समजलं कुणास ठाऊक, त्यानं यंत्र थांबवलं आणि खाली उतरला. "साब, नीचे बंदे हैं." तुम्ही दुसऱ्याला वर चढवलंत.

तांडेल खड्ड्यात उतरून बसला. "घाला माती. माझ्यासकट घाला." त्याला चौघांनी काखेत धरून ओढलं. माझ्या पाठीत बंदुकीचा दस्ता बसला. सोना मियां मात्र ओरडला नाही, की कुणाला मारायला धावला नाही. तो खणतच होता. पाय धरून त्याला मागे खेचत होते तरी हात मातीत चालूच होते. शेवटी त्याला एका जळक्या माडाला बांधलं. त्याच्या समोर यंत्र आलं, माती पुढे लोटली, मागे गेलं, पुन्हा आलं. यंत्राच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही सिगारेट पेटवलीत.

आम्हां दोघांना हात बांधून पेटाऱ्यात टाकलं. तांडेल फळीला डोकं टेकून एकच बोलत होता, "मी थांबवलंय तेका. तो जाय होतो. मी थांबवलंय." हुकूम मोडल्याबद्दल त्याला कैद झाली आणि नंतर नेव्हीतून हाकललं. साक्ष तुम्ही दिलीत. गावी येऊन तो मासेमारीला जायचा, पण सुकाणूला शेवटपर्यंत शिवला नाही. जाळं ओढायच्या माणसांत, सगळ्यांत खालच्या जागी उभा राहायचा. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, "माका इचारू नकात. माझां सांगणां लोकांका बाधता."

मला नुसती समज देऊन सोडलं आणि पंधरवड्यानं पुन्हा त्याच बेटावर पाठवलं, पिंपं उतरवायला. पट्टी तयार होती. गुळगुळीत, रुंद, दोन्ही बाजूंना पांढरे दगड. माझ्या डोळ्यांदेखत पहिलं विमान टेकलं, त्याची चाकं त्या जागेवरून गडगडत गेली, आणि गोऱ्या साहेबानं तुमचा हात हातात घेतला. सोना मियां कुठे आहे विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, कोण सोना मियां?

तुमचा हिशेब मला कळतो. मी अडाणी असेन, मूर्ख नाही. ती विमानं गेली नसती तर तिकडे माणसं मेली असती, तीही आपलीच, मराठेही त्यांत होते. रंगून पावसाआधी पडलं हेही खरं. त्या हिशेबानं तुम्ही पदक घेतलंत, बढत्या घेतल्यात, म्हातारपणी गावोगाव हार घालून घेताय. घ्या. मी त्यावर वाद घालायला आलेलो नाही. सभेत उत्तर टाळलंत, इथे टाळता यायचं नाही.

आत कुणी नव्हतं, ओंडके बसत होते, तुम्हाला काही ऐकू आलं नाही, असं तुमचं म्हणणं. ठीक. मग जमिनीवरून कान उचलून उठल्यावर "बाहेर काढून ठेवू कुठे" हे तुम्ही कुणाबद्दल म्हणालात?

उत्तर द्या, साहेब. कुणाबद्दल?